वेर्बिचीवरचा एक धूर

दलदलीवरची लाकडी ओंडक्यांची वाट संपली तेव्हा आर्खिपोव्नाने काठी बर्फात रोवली, पाठीवरची थैली उतरवली आणि आता बसायचं म्हणाली. नऊ किलोमीटरपैकी साडेपाच झाले होते. लिपावाहून निघालेल्या बसने आम्हाला फाट्यावर सोडलं तेव्हा अंधार होता. आता पाइन झाडांच्या शेंड्यांवर फिकट ऊन आलं होतं, पण त्याला ऊब नव्हती. पापण्यांवर बर्फ धरला होता. आडव्या पडलेल्या एका बर्च झाडावरचा बर्फ तिने हातमोज्याने झाडला आणि माझ्यासाठी जागा केली.

थैलीतून काळा पाव निघाला, खारवलेल्या काकड्या निघाल्या, मीठ लावलेल्या अळंब्यांची बरणी निघाली. नाताळ चार दिवसांवर आला होता. इथला नाताळ सात जानेवारीला, आणि त्याआधी चाळीस दिवसांचा उपास.

"हे चाळीस दिवस मला बरे वाटतात," ती म्हणाली. "एरवी तुझ्यासमोर डुकराची चरबी खायची म्हणजे चोरी केल्यासारखं होतं. आता आपण दोघी एका ताटातल्या."

एरवी ती मला उलटंच ऐकवायची. चरबी खात नाहीस म्हणून तुला थंडी वाजते, तुझ्या अंगात नुसता कोबी आहे, म्हणायची. मी या तालुक्यात सून म्हणून आले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. थंडी मला अजून वाजते, हे खरं.

त्या दिवशी आम्ही वेर्बिचीला निघालो होतो. वर्ष उलटलं की पहिल्या पंधरवड्यात पंचायतीच्या कारकुनाने हद्दीतल्या प्रत्येक घरी जायचं आणि एक जानेवारीला त्या घरात कोण होतं ते घरवहीत लिहायचं, असा नियम आहे. आर्खिपोव्नाने हे काम एक्केचाळीस वर्षं केलं. तिची ही शेवटची फेरी होती आणि वही पुढे माझ्याकडे येणार होती. मी आधी गावच्या वाचनालयात होते. वाचणारे सातजण उरले तेव्हा वाचनालयाला कुलूप लागलं आणि मला तिच्या हाताखाली दिलं. सातजणांत ती एक होती.

तिचं नाव रिम्मा. पण सगळे तिला नुसतं आर्खिपोव्ना म्हणतात, म्हणजे आर्खिपची लेक. इकडे बाईचं वय झालं आणि तिच्याबद्दल आदर असला की नाव गळून पडतं आणि बापाचं नाव तेवढं उरतं. हा आर्खिप वेर्बिचीत पाइनच्या झाडांचा डिंक गोळा करायचा. रिम्मा जन्मली तेव्हा गावात चौसष्ट घरं होती आणि चौथीपर्यंतची शाळा होती. ती शिकायला बाहेर पडली, परत आली, पंचायतीत लागली. लग्न लिपावात झालं. नवरा अन्तोन लाकूड कारखान्यात होता, तो बावन्नाव्या वर्षी गेला. मुलगी मिन्स्कमध्ये आहे, ती दर रविवारी फोन करते आणि दर रविवारी आईला म्हणते की इकडे ये. आर्खिपोव्ना म्हणते, येईन, वही लिहून झाली की येईन. वही काही लिहून होत नाही.

माझ्या माहेरच्या एका मोठ्या गावात जेवढी माणसं असतील तेवढी इथे सबंध तालुक्यात आहेत. बाकी सगळं पाणी, दलदल आणि जंगल. नकाशात बघितलं तर निळं आणि हिरवं इतकं की गावांची नावं लिहायला जागा शोधावी लागते. त्यातून नावंही कमी होत चालली. आर्खिपोव्ना पंचायतीत लागली तेव्हा हद्दीत एकतीस गावं होती आणि दोन हजार आठशे चाळीस माणसं. आता चौदा गावं आणि चारशे बारा माणसं. हा आकडा तिला पंचांग विचारल्यासारखा कधीही विचारावा, ती सांगते. आणि कालपासून चारशे अकरा, असंही सांगते.

गावात कायमचं राहणारं एकही माणूस उरलं नाही की पंचायतीने तसं तालुक्याला कळवायचं. मग ते गाव यादीतून निघतं. फिरतं दुकान येणं बंद होतं, हिवाळ्यात बर्फ काढणारा ट्रॅक्टर वळत नाही, विजेच्या तारा उतरवतात. वसंतात दोन माणसं येऊन रस्त्यावरची नावाची पाटी काढतात. पाट्या टाकायच्या कुठे हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून त्या पंचायतीत आणून देतात. आमच्या सरपणाच्या खोलीत अशा सतरा पाट्या भिंतीला टेकून उभ्या आहेत. सतराही गावं आर्खिपोव्नाने स्वतःच्या हाताने, पट्टी धरून, लाल पेन्सिलीने रेघ मारून काढली. पहिल्या गावाच्या वेळी रेघ थोडी वाकडी आली होती, ती पुसून तिने पुन्हा सरळ ओढली होती. जुन्या वहीत ते खोडलेलं अजून दिसतं.

वेर्बिचीत त्या दिवशी एक माणूस उरलं होतं. तेकला आजी, वय सत्याऐंशी. आणि नोव्हेंबरातच टपालवाली सांगून गेली होती की आजीचा मुलगा आईला शहरात न्यायचं म्हणतोय.

याबद्दल आर्खिपोव्ना वाटेत एवढंच बोलली होती. "अठरावं माझं असेल," ती म्हणाली होती.

काम शिकवण्याची तिची पद्धत अशी की ती काही शिकवत नाही, नुसती चालते आणि मध्येच बोलते. घरी गेल्यावर आधी गाईचं विचारायचं, मग माणसांचं. माणूस स्वतःबद्दल खोटं बोलतो, गाईबद्दल बोलायला मात्र त्याला आवडतं, आणि गाईचं दूध कोण कोण पितं हे सांगताना घरातली सगळी माणसं आपोआप बाहेर पडतात. आता गाई राहिल्या नाहीत, तर कोंबड्या. कोंबड्या नसल्या तर सरपण. मांडवात लाकूड फोडून रचलेलं असेल तर घरातलं माणूस मार्च बघणार आहे. ओंडके तसेच पडले असतील तर त्याने मनातून घर सोडलंय. आणि वहीत आधी पेन्सिलीने लिहायचं. सगळी फेरी झाली, घरी येऊन हात धुतले, मग शाई.

लोक तिची चेष्टा करायचे. आर्खिपोव्ना येतेय, गाईला वेणी घाला, असं लिपावाचा लोहार ओरडून सांगायचा. एकदा एका म्हाताऱ्याने तिला विचारलं होतं की बाई, तू आम्हाला इतक्या वेळा मोजतेस, आमच्यातला कोण चोरीला जाईल अशी तुला भीती आहे? ती म्हणाली होती, तुम्ही सगळेच जाताय, मी नुसती तारीख लिहिते.

पाव खाऊन आम्ही उठलो. जंगल संपल्यावर एक टेकडी लागते. जुन्या काळच्या कुणातरी माणसांनी आपले मेलेले पुरून वर माती रचलेली, अशी ती टेकडी आहे म्हणतात. तिथून खाली उतरती शेतं, त्यांत आता झुडपं माजलेली, आणि पलीकडे दोन किलोमीटरवर तळ्याच्या काठाने वेर्बिची. मी आधी चढले. दम लागला होता आणि डाव्या पायाची बोटं मला जाणवत नव्हती. समोर बर्फात काळी छपरं, काही वाकलेली, काही बसलेली, आणि अगदी टोकाच्या घरावर एक धूर. वारा नव्हता. धूर दोरा सोडल्यासारखा सरळ वर गेला होता.

मला बरं वाटलं. मी मागे वळून म्हटलं, "धूर आहे. आजी आहेत म्हणजे. आर्खिपोव्ना, इथूनच लिहून टाकू या का? परतीची बस दोनची आहे."

मी हे अर्धं थट्टेत म्हटलं होतं. अर्धं नव्हतं.

ती वर आली, काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली आणि धुराकडे बघत राहिली. मग तिने मला बोर्कीची गोष्ट सांगितली. सतरा पाट्यांत बोर्कीची पाटी मी पाहिली होती, पण तिच्यामागचं हे मला माहीत नव्हतं.

चौदा वर्षांपूर्वी असाच जानेवारी होता, थंडी उणे सव्वीस. बोर्की दलदलीपलीकडे, तीन घरांत तीन एकटी माणसं. मकार, लुकाश आणि उल्याना नावाची बाई. आर्खिपोव्नाला त्या दिवशी ताप होता. ती अलीकडच्या उंचवट्यापर्यंत गेली आणि तिथून तिने धूर मोजायला घेतले. जुनी माणसं असंच मोजायची, तिचा आजासुद्धा. गावात किती घरं असं कुणी विचारत नसे, किती धूर असं विचारत. दोन धूर दिसले. मकारच्या घरावर एक, लुकाशच्या घरावर एक. उल्यानाच्या घरावर नव्हता. पण उल्याना शरद ऋतूपासून सांगत होती की मी थंडीत लेकीकडे जाणार आहे. आर्खिपोव्नाने वहीत लिहिलं, दोन हजर, एक हिवाळ्यापुरती बाहेरगावी. आणि ती परत फिरली.

"मकार तिथे नव्हताच," ती म्हणाली. "तो मुलाकडे गेला होता. त्याचे बटाटे फरशीखालच्या तळघरात होते. ते गोठू नयेत म्हणून लुकाश रोज जाऊन त्याची चूल पेटवत होता. आणि उल्याना घरातच होती. तळघराच्या शिडीवरून पडली होती. चूल पेटवायला तिला उठता येत नव्हतं."

तिने काठी बर्फात आणखी खोल रोवली.

"माझा आकडा बरोबर होता, पोरी. दोन म्हणजे दोनच. म्हणून कुणी काही विचारलं नाही."

टपालवाली दुसऱ्या दिवशी पेन्शन द्यायला गेली तेव्हा उल्याना सापडली. कुत्रं तिच्या अंगावर झोपून होतं, म्हणून ती जगली. पुढे दवाखान्यात पाच आठवडे होती. आर्खिपोव्ना दर शनिवारी जायची. पहिल्याच दिवशी उल्यानाने तिला म्हटलं, मला लेकीकडे पाठवलंस, तिकीट तरी काढून द्यायचं होतंस. असं म्हणून ती स्वतःच हसली. तिने कधी राग धरला नाही. आर्खिपोव्ना म्हणाली, राग धरला असता तर मला सोपं गेलं असतं.

पाच आठवड्यांनी उल्याना दवाखान्यातच वारली. मकार मुलाकडून परतलाच नाही. त्या वसंतात लुकाशलाही त्याच्या भावाने नेलं आणि बोर्कीवर लाल रेघ आली.

मी टेकडीवरून खाली बघितलं. धूर तसाच सरळ होता. मनात देवाचं नाव घेतलं आणि उतरायला लागले.

गावात शिरताना पाटी लागते, निम्मी बर्फात. आर्खिपोव्नाने जाता जाता हातमोज्याने तिच्यावरचा बर्फ पुसला. रस्ता डावीकडे वळतो तिथे तिच्या वडिलांचं घर आहे. छप्पर मधोमध बसलंय आणि आतून एक बर्च झाड वर आलंय. तिकडे तिने पाहिलं नाही. पाहण्यासारखं तिचं पाहून झालं असावं.

टोकाच्या घरासमोर एक मोटार उभी होती. पलीकडच्या जंगलखात्याच्या रस्त्याने आली असणार. मांडवात सरपण फोडून छान रचलेलं होतं. ते बघून आर्खिपोव्ना थबकली. मलाही आशा वाटली. आत गेलो तर दारातच उष्ण हवा आणि जळक्या कापसाचा वास आला. भिंतीएवढ्या विटांच्या चुलीसमोर साठीकडे झुकलेला एक माणूस गुडघ्यांवर बसून जुनी गोधडीसारखी जाकिटं, टोपल्या, फुटकी चाळण असं काय काय आत सारत होता. टेकडीवरून आम्ही पाहिलेला धूर तो होता. घर रिकामं करायचा.

हा आजीचा मुलगा लिओन्या. आर्खिपोव्नाला पाहून तो उठला आणि राखेचे हात पँटला पुसायला लागला.

"रिम्माताई, मला वाटलंच होतं तुम्ही आज याल," तो म्हणाला. "मी काय करू, तुम्हीच सांगा. तिने दोनदा चुलीच्या धुराड्याचं झाकण लवकर लावलं. आत निखारे जिवंत आणि वर झाकण. टपालवाली आली नसती तर धुरानेच गेली असती."

तेकला आजी कोपऱ्यातल्या पेटीवर बसली होती. कोट घातलेला, दोन रुमाल बांधलेले, हातात काठी. तिच्या डोक्याच्या वर भिंतीवर देवाच्या तसबिरी, त्यांना नक्षीचा टॉवेल वाहिलेला. मी तिकडे बघून हात जोडले. आजीला ते आवडतं. ती दर वेळी म्हणते की तुझा देव माझ्या देवाला ओळखतो वाटतं.

"रिम्मा," आजी म्हणाली, "ये. गाय नाही, डुक्कर नाही, कोंबड्या लिओन्याने काल शेजारच्या गावात दिल्या. आता माणसांचं विचार."

आर्खिपोव्नाने विचारलं नाही. ती बाकावर बसली आणि तिने बुटांतला बर्फ काढायला घेतला. त्यात तिने खूप वेळ लावला. लिओन्याने टेबलावरच्या कढईवरचं फडकं काढलं. निघायच्या आधी आजीने शेवटची म्हणून बटाट्याची धिरडी केली होती. उपास असल्यामुळे साय नव्हती, सूर्यफुलाच्या तेलात तळलेली होती. आम्ही उभ्या उभ्या खाल्ली. आजी आम्हाला खाताना बघत होती.

चुलीशेजारी लोकरीचा एकच जुना बूट उभा होता आणि त्याला दोरी बांधली होती. ते मला माहीत होतं. घर सोडताना घरातल्या राखणदाराला बोलवायचं असतं. तो म्हातारा चुलीमागे राहतो, कुणाला दिसत नाही. त्याला म्हणायचं, आजोबा, आम्ही निघालो, तुम्हीही चला, इथे एकटे बसू नका. मग तो बुटात बसतो आणि बूट ओढत नेतात. पाद्री रागावतात, पण नेतात सगळेच.

"चौथ्या मजल्यावर चूल नाही," आजी म्हणाली. "हा बसणार कुठे, मला कळत नाही. रेडिएटरच्या मागे?"

"आई, बसेल कुठेतरी," लिओन्या म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता, वाईट नव्हता.

मग आजीने विचारलं की वहीत आता काय लिहिणार. आर्खिपोव्नाने सांगितलं. लपवून काही सांगितलं नाही. तू गेलीस की शून्य, तेकला मावशी. पंधरा तारखेला कागद तालुक्याला जाईल.

आजीने थोडा विचार केला. "मला हिवाळ्यापुरती बाहेरगावी लिही," ती म्हणाली. "मी रादुनित्साला येणारच आहे."

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी आपापल्या गावच्या कबरींवर जायचं, त्या दिवसाला रादुनित्सा म्हणतात. त्या दिवशी वेर्बिचीत दोनशे माणसं असतात. कबरींवर टेबलपोस घालतात, अंडी ठेवतात, पोरं बर्च झाडांमध्ये पळतात. कुणी परक्याने तो एकच दिवस पाहिला तर म्हणेल काय भरलेलं गाव आहे.

आर्खिपोव्नाने लिओन्याकडे बघितलं. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याने मान हलवली, नाही अशी. आजीला ते दिसलं नाही, किंवा दिसलं असेल.

"मावशी, ते मी एकदा लिहिलंय," आर्खिपोव्ना म्हणाली. "हिवाळ्यापुरती बाहेरगावी. बोर्कीला."

आजीला बोर्कीचं माहीत होतं. तालुक्यात ते सगळ्यांनाच माहीत असावं, मी सोडून. चुलीत टोपलीचे वेत फुटत होते. लिओन्या म्हणाला की उजेड असेपर्यंत जंगल ओलांडायला हवं, आणि त्याने पेटीची एक कडी धरली. पेटीवर आई बसली होती, म्हणून ती उचलता येईना. आजी उठेना.

"वीज तोडायचा अर्ज दिलास का?" आर्खिपोव्नाने विचारलं.

नाही दिला, तो म्हणाला.

"घर विकायला काढलंयस?"

"इथे कोण घेणार, रिम्माताई? अस्वल?"

"तळघरात बटाटे आहेत?"

"अकरा पोती. न्यायला जागा नाही. सरपण तर मी ऑगस्टमध्येच फोडून ठेवलंय, तिने मला जबरदस्तीने फोडायला लावलं."

आर्खिपोव्ना उठली. चुलीचं दार उघडून तिने आत बघितलं, मग वरचं झाकण ओढून बघितलं, मग पंप चालतो का ते विचारलं. मला वाटलं ती नेहमीसारखं घर तपासतेय. मग ती लिओन्यासमोर हात पुढे करून म्हणाली, "किल्ली मला दे."

तो समजला नाही. मीही नाही. आजी समजली.

"तुला लांडग्याची भीती वाटायची," आजी म्हणाली. "शाळेला जाताना माझ्या कुंपणाशी उभी राहून रडायचीस."

"आता लांडग्याने माझी भीती बाळगावी."

मी मध्ये पडले. मी म्हटलं की आर्खिपोव्ना, तुमचं वय सहासष्ट, इथे धड रस्ता नाही, डॉक्टर नाही, फोन त्या टेकडीवर चढल्याशिवाय लागत नाही, आणि मुलगी काय म्हणेल. मला हे सगळं खरंच वाटत होतं आणि मी थोडी चिडलेही होते. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली की लिपावाच्या खोलीतही ती एकटीच असते. तिथे वर एक कुटुंब आहे, ते चालतं तेव्हा तिला कळतं की माणसं आहेत. पेन्शन काय, टपालवाली इथेही आणेल. मुलगी रागवेल आणि मग रविवारी येईल, तिला मोटार आहे.

"आणि हे गाव यादीत राहावं म्हणून मी नुसतं नाव लिहायचं, तर ते बोर्कीच झालं," ती म्हणाली. "लिहायचं तर राहायला हवं."

लिओन्याने किल्ली दिली. देताना त्याने दोनदा विचारलं की झाकणाचं तुम्हाला माहीत आहे ना, निळी ज्योत जाईपर्यंत लावायचं नाही. तिने त्याला सांगितलं की तू पाळण्यात होतास तेव्हा मी हीच चूल पेटवत होते.

तेकला आजी तेव्हा कुठे पेटीवरून उठली. काठी टेकत चुलीपाशी गेली, वाकली, आणि दोरी बांधलेला बूट तिने उलटा करून हळूच झटकला, आतलं काही सांडू नये पण बाहेर यावं असा. चुलीमागच्या अंधाराला ती हलक्या आवाजात म्हणाली की आजोबा, बेत बदलला, तुम्ही इथेच राहा, आर्खिपची पोर येतेय, तिला छळू नका. मग तिने बूट चुलीत टाकला. त्यानंतर ती मोटारीपर्यंत गेली ती मागे न बघता गेली. बसताना तिने आर्खिपोव्नाला सांगितलं की कोबीच्या पिंपावरचा दगड मोठा आहे, उचलताना कंबर सांभाळ.

मोटार गेली. आम्ही आत आलो. टेबलावर तेलाचे डाग होते, ते पुसून आर्खिपोव्नाने घरवही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. वेर्बिचीचं पान उघडलं. आधीच्या सगळ्या ओळी तिच्या अक्षरात होत्या, वरून खाली कमी होत आलेल्या. पहिल्या वर्षी त्रेचाळीस माणसं, मग अडतीस, मग तीस. शेवटच्या पाच वर्षांत एकच नाव.

"लिही," तिने मला पेन्सिल दिली. "तेकला मावशी, शहरात मुलाकडे. आजची तारीख. त्याखाली मला लिही. माणसाने स्वतःला लिहू नये, चूक कळत नाही."

मी लिहिलं. रिम्मा, आर्खिपची मुलगी, जन्म एकोणीसशे सत्तावन्न, जन्मगाव वेर्बिची, राहणार वेर्बिची. ती खांद्यावरून बघत होती. एक अक्षर मी घाईत अर्धवट काढलं होतं, ते तिने पुन्हा काढायला लावलं. मी शाईचं पेन काढलं तर तिने माझा हात धरला.

"आज नाही. सोमवारी ट्रॅक्टरवाला माझं सामान आणून टाकेल. मी इथे झोपले, उठले, चूल पेटवली, की मग ते खरं. कागद पंधराला जायचाय. मंगळवारी शाई घेऊन ये."

मी म्हटलं येईन. दीड वाजून गेला होता, दोनची बस आता मिळणार नव्हतीच, पाचची मिळाली असती. तिने चुलीतले निखारे पसरले आणि निळी ज्योत जाण्याची वाट बघत आम्ही दोघी तिच्यासमोर बसलो. घरात घड्याळ नव्हतं, ते आजीने नेलं होतं. भिंतीवर त्याच्या जागी स्वच्छ गोल राहिला होता. ज्योत गेली तेव्हा तिने झाकण लावलं, किल्ली खिशात टाकली आणि दार ओढून घेतलं. परतताना टेकडीवर चढल्यावर ती थांबली. मागे वेर्बिचीवर आता काहीच नव्हतं, नुसतं आकाश.

"एक मागते," ती म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, गावाकडे बघत होती.

"मंगळवारी येशील, आणि पुढच्या जानेवारीत येशील, त्याच्या पुढच्याही. इथे चढलीस की तुला दम लागेल, पाय गार पडले असतील, आणि समोर धूर दिसेल. तो बघून इथून परत फिरू नकोस. दारापर्यंत ये. वाजव. मी आतून ओ दिली तरी तेवढ्यावर जाऊ नकोस, आत येऊन मला डोळ्यांनी बघ, आणि मगच लिही."